तारीख, वस्तू, बाजू

ता. ४, मंगळवार

आणि वर मलाच विचारतो, "कोणत्या तारखेला?" दुधाचं भांडं आडवं पडलेलं, दूध ओट्यावरून खाली, खालून कपाटाखाली, मी फडकं घेऊन गुडघ्यावर, आणि हा माणूस शांतपणे उभा राहून म्हणतो, "कुत्रं रोज काहीतरी सांडतं म्हणतेस, रोज म्हणजे नक्की कधी? तारीख सांग. तुझं सगळं हवेतलं असतं." पोरगी हसली. सासूबाई खुर्चीत बसल्या बसल्या हसल्या. कुत्रं तेवढं हसलं नाही, कारण ते दूध चाटत होतं.

तारीख हवी ना? घ्या तारीख.

म्हणून ही वही. पोरीची जुनी आहे, मागची अर्धी कोरी. मी चौथीपर्यंत शिकले. जोडाक्षरं अडतात, पण तक्रार लिहिता येते. सोळा वर्षं हॉस्पिटलच्या धुलाईत आहे, तिथं दुसरं काय करते? आमच्या थोरल्या बाई, म्हणजे धुलाईच्या मुख्य, त्यांचा नियम एकच: तारीख, वस्तू, बाजू. चादर फाटून आली तर नुसतं 'फाटली' चालत नाही. चादरीवरचा हॉस्पिटलचा शिक्का आपल्या छातीकडं धरायचा आणि बघायचं, डाव्या कडेला फाटली, उजव्या कडेला, की मधोमध. मग लिहायचं. बाजू लिहिली नाही तर बाई वही अंगावर फेकतात.

आता घरातल्या वस्तूंवर कुठला शिक्का? मी ठरवलं, शिक्का नवराच. तो जिकडं तोंड करून असेल त्याची डावी-उजवी. कुत्रं दिवसभर त्याच्याच पायात असतं, तेव्हा घोळ व्हायला नको.

महिनाअखेरीला वही ह्याच्यापुढं आपटणार. मग कुत्रं राहतं की मी, ते बघू.

पहिली नोंद. तारीख ४. वस्तू: दुधाचं भांडं. बाजू: डावी.

ता. ५, बुधवार

कुत्रं आलं कसं ते पण लिहून ठेवते, नाहीतर उद्या म्हणतील मीच आणलं.

पंधरा दिवस झाले. ह्याची शाळेची व्हॅन आहे, स्वतःच चालवतो, अकरा मुलं नेतो-आणतो. त्या दिवशी मुलं सोडून तीनला यायचा तो सहाला आला. अंगात जाकीट नाही. जाकीट हातात, जाकिटात कुत्रं, कुत्र्याच्या मागच्या पायाला पांढरंशुभ्र प्लास्टर.

"हे काय?"

"रस्त्यात पडलं होतं."

"रस्त्यात पुष्कळ काय काय पडलेलं असतं. सगळं उचलून आणणार का?"

कुत्रं पोरीच्या हातात दिलं, न्हाणीघरात गेला, आणि नळ सोडून अर्धा तास आत. अर्धा तास नळ! बाहेर आला तर डोळे लाल. म्हणे साबण गेला.

रस्त्यातली कुत्री उचलणारे मीही पाहिलेत. पावाचा तुकडा टाकतात आणि आपल्या वाटेनं जातात. ह्यानं डॉक्टर गाठला, प्लास्टर घातलं, औषधं आणली. मला एकदा ताप आला होता तेव्हा म्हणाला, "झोप, बरं वाटेल."

पोरीनं नाव ठेवलं साहेब. ते बसतंच तसं. पुढचे पाय जुळवून, मान ताठ, जसे आपण सगळे अर्ज घेऊन रांगेत उभे आहोत. सासूबाई सकाळी डोळे उघडले की विचारतात, "साहेब उठले का?" मी सोळा वर्षं पाचला उठते. मला कुणी विचारलं नाही.

ता. ७, शुक्रवार

वस्तू: चहाचा कप, निळा, जोडीतला शेवटचा. बाजू: डावी.

झालं असं. हा खिडकीशी बसून कुत्र्याचे कान चोळत होता. मी कप घेऊन शेजारी उभी. उभी म्हणजे उभीच. कपातली वाफ संपली. मान वळवेल तर शपथ. शेवटी म्हटलं, "अहो, चहा!" तर असा दचकला, जशी मी भिंतीतून बाहेर आले. हात लागला, कप गेला.

"तू केव्हा आलीस?"

"लग्न झालं तेव्हा," म्हटलं.

सासूबाई खोकला येईपर्यंत हसल्या. मला हसू आलं नाही. हे जनावर घरात आल्यापासून मी ह्याला दिसेनाशीच झालेय. शेजारी बायको उभी आहे की खुंटी, ह्याला फरक नाही.

ता. ८, शनिवार

कुत्र्याच्या पाण्याचं पातेलं दाराच्या आत, येताना डाव्या हाताला. हा आला की पाय त्यात. आजचा चौथा दिवस. "साहेबानं सरकवलं असेल" म्हणे. मी खडूनं फरशीवर गोल काढला आणि पातेलं गोलात ठेवलं. संध्याकाळी पातेलं गोलातच होतं, आणि पाय पातेल्यात.

"आता?" मी म्हटलं.

"त्यानं जुना गोल पुसून नवा काढला असणार. हुशार आहे."

पोरगी आणि सासूबाई टाळ्या देऊन हसल्या. मी फरशी पुसली. ह्या घरात विनोद सगळे करतात, पुसायला मी.

ता. ११, मंगळवार

शर्टाची बाही दाराच्या कडीला अडकून टर्रकन फाटली. बाजू: डावी. "साहेब पायात आलं." साहेब त्या वेळी सासूबाईंच्या खुर्चीखाली घोरत होतं, हे मी पाहिलं. तरी नोंद त्याच्याच नावावर घातली. ते घरात नसतं तर हा असा धावत आत आला नसता.

सासूबाई म्हणाल्या, "अगदी बापावर गेलाय गं. ते पण शेवटी शेवटी असेच. प्रत्येक चौकटीला धडकायचे. खांदा कायम काळानिळा."

"त्यांच्या वेळी पण कुत्रं होतं का?"

"छे! ते म्हणायचे, दारं अरुंद झालीत."

आणि परत हसल्या. हसण्यासारखं काय आहे? ह्या घराण्यात धांदरटपणा रक्तातूनच येतो. पोरीवर लक्ष ठेवायला पाहिजे.

ता. १३, गुरुवार

घरचं नाही, कामावरचं लिहिते, डोकं तिथंही फिरलंय. आठ दिवसांत एकोणीस चादरी फाटल्या. मी थोरल्या बाईंना स्पष्ट सांगितलं, नवा गठ्ठाच कुजका आलाय, चादरींत दम नाही, परत पाठवा. बाई म्हणाल्या, "वही बघते मग बोलते." बघा वही. मी काय खोटं लिहिते?

ता. १४, शुक्रवार

आज हद्द झाली. पोरगी कॉलेजातून चालत येत होती, चौकात मैत्रिणींबरोबर उभी. बाबांची व्हॅन आली, रिकामी. हिनं हात केला. दोन्ही हात केले. उडी मारली म्हणे. हा दहा हातांवरून सरळ पुढं गेला. मैत्रिणी म्हणाल्या, "तुझे बाबाच ना ते?" पोरगी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडली. "बाबांनी बघून न बघितल्यासारखं केलं, आई. माझी लाज वाटते त्यांना."

मी ह्याला दारातच धरलं. चेहरा पांढरा पडला ह्याचा. म्हणाला, "साहेबाचा विचार करत होतो. आज त्यानं नीट खाल्लं नव्हतं."

म्हणजे पोटच्या पोरीपेक्षा कुत्र्याचं खाणं मोठं. तोंडावर सांगतो. लाज नाही.

तो मग पोरीजवळ जाऊन बसला. काय बोलला कुणास ठाऊक. तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ बसला होता. कुत्रं दोघांच्या मध्ये.

तारीख १४. वस्तू: पोरगी. पदपथावर, बाजू: डावी.

ता. १७, सोमवार

संध्याकाळी हा कुत्र्याला कोपऱ्यापर्यंत नेतो. मी खिडकीतून बघते, कारण पुरावा डोळ्यांनी बघितलेला असावा.

कुत्रं ह्याच्या डाव्या गुडघ्याला चिकटून चालतं. उजवीकडं जातच नाही. मी परवा बिस्कीट दाखवून उजवीकडं बोलावून बघितलं. साहेब आले, बिस्कीट खाल्लं, तोंड पुसलं आणि लंगडत परत डावीकडं. (बिस्कीट जुनं होतं, टाकायचंच होतं.)

तर आज रस्ता ओलांडताना कुत्रं अचानक ह्याच्या पायांत आडवं आलं आणि भुंकायला लागलं. हा पडता पडता राहिला. तेवढ्यात डावीकडून एक सायकलवाला सुसाट गेला आणि ह्याला आई-बापावरून बोलून गेला. कुत्रं सायकलीला घाबरतं वाटतं. घाबरायचं तर घाबर, पण मालकाला पाडशील का? हाड मोडलं असतं तर व्हॅन कोण चालवणार होतं, साहेब?

वर आल्यावर ह्यानं त्याला आपल्या ताटातलं अंडं दिलं. पाडल्याचं बक्षीस!

ता. १९, बुधवार

आज थोरल्या बाईंनी सगळ्यांसमोर माझी उतरवली. वही उघडली आणि बाजूच्या रकान्यावरून बोट खाली आणलं. डावी, डावी, डावी, डावी. सगळ्याच्या सगळ्या.

"अगं बये," म्हणाल्या, "चादरी वेगळ्या, वॉर्ड वेगळे, धुणाऱ्या वेगळ्या, आणि फाटल्या सगळ्या एकाच कडेला. मग खोट चादरीत कशी असेल?"

मिस्त्रीला बोलावलं. इस्त्रीच्या मोठ्या यंत्राचा डावीकडचा पत्रा उचकटून सुरीसारखा झाला होता. जी चादर जाईल तिला फाडत होता. मी दोन आठवडे चादरींना शिव्या घातल्या.

बाई जाता जाता म्हणाल्या, "लिहितेस छान. लिहिलेलं वाचत जा कधी."

वाचायला वेळ कुणाला आहे?

ता. २२, शनिवार

बाद चादरी कामावरून घरी न्यायला परवानगी असते. दोन आणल्या, चौघडी करून टाके मारले आणि कुत्र्याखाली घातल्या. हे प्रेमानं नाही. त्याच्या प्लास्टरनं फरशीवर चरे पडतात म्हणून.

एक गोष्ट ध्यानात आली. हा व्हॅन सुरू करतो तेव्हा साहेब पलंगाखाली जातं आणि थरथरतं. खालून दिवसभर गाड्या जातात, ट्रक जातात, कान पण हलवत नाही. फक्त ह्याच व्हॅनचा आवाज. ज्या माणसाच्या मागं मागं फिरतं त्याच्याच गाडीला घाबरतं. आज पलंगाखाली मुतलं. मूर्ख जनावर. मी पुसलं आणि तिथंच खाली बसले थोडा वेळ, कंबर धरली होती. ते येऊन माझ्या पावलावर हनुवटी ठेवून पडलं. हाकललं नाही, कारण उठायला होत नव्हतं.

ता. २५, मंगळवार

व्हॅनचा डावा आरसा गेला. शाळेच्या फाटकाच्या खांबाला घासून पार मुळापासून गेला. आरशामागची खिडकी फुटली.

एकोणीस वर्षं व्हॅनवर ओरखडा नाही, हे मी ह्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की झोपेत म्हणून दाखवीन.

"मुलं होती आत?"

"होती." बूट काढत होता, वर बघितलं नाही. "कुणाला काही झालं नाही."

"खिडकीशी कोण होतं?"

"ती धाकटी. दोन वेण्यांची. केसांत काचा होत्या, मी झटकल्या. हसत होती ती."

पोरगी घाबरून उभी. सासूबाईपण हसल्या नाहीत. मग ह्यानं सांगितलं, "साहेबाला बरोबर घेतलं होतं आज. त्यानं एकदम अंगावर उडी मारली."

बस्स. दोन वेण्यांच्या पोरीच्या केसांत काचा. डोळ्यांत गेल्या असत्या तर? माझ्या निळ्या कपाचं सोडा, दुधाचं सोडा. आता हे कुत्रं ह्या घरात नको. शुक्रवारी त्याचं प्लास्टर काढायचंय. मी अर्धा दिवस रजा टाकते, मीच नेते आणि डॉक्टरीणबाईंना सांगते, ठेवून घ्या. वही बरोबर नेणार. पुरावा बघा म्हणावं.

ता. २६, बुधवार

घड्या घालताना एकच गोष्ट डोक्यात घुमत होती. आवाज ऐकला तरी पलंगाखाली जाणारं कुत्रं त्या व्हॅनमध्ये चढलं कसं?

उचलून बसवलं असेल. घाबरलं असेल, म्हणूनच उडी मारली असेल. झालं.

ता. २८, शुक्रवार

आज अक्षर वाईट येईल. येऊ दे.

साडेतीनला निघाले. तोवर मुलं आपापल्या घरी पोचली होती, एवढं एक बरं. साहेबाला कडेवर घेऊन गेले. वजन वाढलंय त्याचं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला साध्या. कात्रीनं प्लास्टर कापायला लागल्या. मी म्हटलं, "पाय सुटला की ह्याला इथंच ठेवून घ्या, नाहीतर कुणाला तरी देऊन टाका. आमच्या घरात नको."

"का हो? चावतो?"

"चावला असता तर बरं. घर उद्ध्वस्त करतो. तारीखवार आहे माझ्याकडं."

"वाचा," म्हणाल्या. थट्टेनं नाही, काम करता करता.

मी वाचायला लागले. मोठ्यानं वाचायची सवय नाही मला, बोट ठेवून वाचते. तारीख ४, दुधाचं भांडं, डावी. तारीख ७, कप, डावी. पातेलं, डावी. बाही, डावी. पोरगी, डावी. सायकल, डावी. मध्ये किरकोळ होत्या त्याही वाचल्या: स्टूल, डावी. कॅलेंडर, डावी. सासूबाईंची काठी, डावी. आरसा, डावी.

बोट रकान्यावरून खाली येत होतं आणि ते माझं बोट नव्हतं, थोरल्या बाईंचं होतं. 'वस्तू वेगळ्या, दिवस वेगळे, आणि सगळं एकाच कडेला.' मी बोट परत पहिल्या ओळीवर नेलं. शिक्का म्हणून धरलाय कुणाला मी? कुत्र्याला नाही. नवऱ्याला.

डॉक्टरीणबाई कात्री थांबवून माझ्याकडं बघत होत्या. म्हणाल्या, "त्यांनी तुम्हांला सांगितलंय ना, ह्याला कशानं लागलं ते?"

"रस्त्यात पडलं होतं."

त्यांनी कात्री खाली ठेवली. मग म्हणाल्या, "त्यांच्याच गाडीनं लागलं. त्यांनी आल्या आल्या सांगितलं मला. रडत होते. 'मोकळा रस्ता होता, डॉक्टर. ऊन होतं. डावीकडं समोर उभा होता आणि मला दिसलाच नाही.' हेच तीनदा म्हणाले, दिसलाच नाही. मी म्हटलं, डोळे दाखवून घ्या. हो म्हणाले."

हो म्हणाले.

मला आधी भीती वाटायला पाहिजे होती. नाही वाटली. आधी राग आला. असा राग की टेबलाची कड धरावी लागली. परक्या बाईपुढं रडलास, माझ्यापुढं नळ सोडलास! तिला खरं, मला साबण!

साहेबाचा पाय मोकळा झाला. बारीक, केस भादरलेला पाय. त्यानं तो जपून टेकवला, उचलला, परत टेकवला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मग, ठेवून घेऊ?"

"हात लावून बघा," म्हटलं आणि त्याला उचलून घरी आणलं.

आले तेव्हा हा जेवत होता. उशिरा जेवतो शुक्रवारी. ह्याच्या डावीकडं उभी राहिले, एका हाताच्या अंतरावर. रोज वाढते तिथंच. हात वर केला आणि पाच बोटं हलवली. हा भात खात राहिला. हात पुढं नेला, आणखी पुढं. बोटं ह्याच्या डाव्या डोळ्याच्या कडेशी. हा भात खात राहिला. खाली साहेब बसलं होतं, ते माझ्या हाताकडं बघत होतं. सासूबाई बघत होत्या. त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि त्या उठून आत गेल्या. त्यांना कळलं. दारं अरुंद झालीत म्हणणारा नवरा होता त्यांचा.

मी हात खाली घेतला. व्हॅनची किल्ली खिळ्यावर असते, ती काढून पिशवीत टाकली. खिळा दाराच्या डाव्या बाजूला आहे. त्याला कळलंही नाही. उद्या शाळेला सुट्टी, तेव्हा उद्याही कळणार नाही.

ता. २९, शनिवार

आता हे तुमच्यासाठी लिहिते आहे. तोंडानं बोलले तर मी ओरडेन. मी ओरडले की तुम्ही विनोद कराल, आणि विनोद झाला की कुत्रं घेऊन खाली जाल. एकोणीस वर्षं हेच चाललंय. म्हणून वही.

पहिल्या पानापासून वाचा. तुम्हांला तारीख पाहिजे होती, सगळ्या आहेत. 'हा माणूस' लिहिलंय, 'लाज नाही' लिहिलंय, ते खोडणार नाही.

दूध साहेबानं सांडलं नाही. बाही त्यानं ओढली नाही. तो व्हॅनमध्ये चढलाच नव्हता. तुम्ही त्याला धडक दिलीत, घरी आणलंत, अंडी चारलीत, आणि मग आपली प्रत्येक चूक त्याच्या नावावर घातलीत, कारण ते बोलत नाही. आणि मी अडाणी बाई, बसून ते लिहून घेत होते. ह्याबद्दल मला माझा जेवढा राग आलाय तेवढा तुमचा पण आला नसेल. तुमचा किती आलाय ते वर आहेच.

आणि मी! दहा-पंधरा दिवस मला वाटत होतं, कुत्र्यापुढं माझी किंमत गेली. गार चहा घेऊन उभी राहायचे. पोरीला वाटलं, बापाला तिची लाज वाटते. ती उशीत तोंड घालून रडत होती तेव्हा डोक्यावर हात ठेवून बसलात. एक वाक्य बोलायचं होतं! 'मला दिसली नाहीस.' एवढंच. त्यापेक्षा तुम्हांला कुत्र्याच्या खाण्याचं सांगणं सोपं वाटलं.

आज मी कामावरून सुटल्यावर डोळ्यांच्या विभागात गेले. तिथल्या सिस्टर ओळखीच्या आहेत, त्यांचे पडदे मीच धुते. माणसाचं नाव न सांगता विचारलं. त्या म्हणाल्या, बघितल्याशिवाय सांगता येत नाही, पण असं कडेनं कडेनं जाणारं असतं, ते माणसाला स्वतःलाही लवकर कळत नाही. गेलेलं परत येत नाही. उरलेलं पुष्कळदा औषधानं धरून ठेवता येतं, वेळेत आलात तर. आणि वडिलांना असेल तर मुलांनी तपासून घ्यावं. म्हणजे पोरगी पण. कळलं? हे तुमच्या एकट्याचं गुपित नाही.

तुम्हांला कळलं होतं. महिना झाला कळून. ह्या महिन्यात रोज सकाळी अकरा मुलं गाडीत घेतलीत. ती दोन वेण्यांची हसत होती म्हणालात. तिच्या आईला काय सांगितलंत, कुत्र्यानं उडी मारली?

मला माहीत आहे तुम्हांला कशाची भीती आहे. व्हॅन गेली की तुम्ही कोण, हीच ना? मुलं 'काका' म्हणून ओरडत येतात, ते कोण ओरडणार? ते मला कळतं. मी दगड नाही. पण आधी राग, मग ते.

आता ऐका. साहेब कुठं जात नाही. खाली उतरायचं तर त्याला बरोबर घेतल्याशिवाय उतरायचं नाही. ते डावीकडं का चालतं हे मला आता कळलं, तुम्हांला आधीच कळलं असणार. ज्याला तुम्ही बघितलं नाहीत तेच तुमच्यासाठी बघतंय. तुमच्या जागी मी असते तर त्याच्या डोळ्याला डोळा देऊ शकले नसते.

जेवायला मी आजपासून उजवीकडं बसणार.

सोमवारी सकाळी नऊला डोळ्यांच्या विभागात तुमचा नंबर लावलाय, दहाला पोरीचा. येणार की नाही, हे मी विचारत नाही. येणार. व्हॅनची किल्ली माझ्या कामावरच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली थोरल्या बाईंकडं. त्यांच्याकडून मागायची हिंमत असेल तर जा.

मी विचारते ते एवढंच. शाळेत फोन करून तुम्ही सांगताय, की सोमवारी सकाळी सातला ही वही घेऊन मी फाटकाशी उभी राहू? त्या खांबापाशी, जिथं आरसा गेला.

वही टेबलावर तुमच्या उजव्या हाताला ठेवली आहे. दिसली नाही म्हणायची सोय नाही.

उत्तर उद्या, रविवारी, संध्याकाळी पाचच्या आत. तोंडी नको. ह्याच पानावर, खाली जागा सोडलीय तिथं, तुमच्या हातानं. तारीख घालून.